पेटीतलं पाणी आणि मार्थामावशी

मार्थामावशी दिव्याचं बटण हातानं कधीच दाबत नसत. आधी लाकडी पाट ओढायचा, त्यावर उभं राहायचं, पदराला हात कोरडे करायचे आणि मग लाटण्याच्या टोकानं बटण खाली. कुणी हसलं तर लाटणं त्याच्याकडेच रोखत. "हसा. लाइट कुनाची पाव्हनी न्हाई." आम्ही इस्त्री लावायला गेलो तरी त्या ओरडत, "हात मागं घे रं आधी!" श्रीरामपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी जात्याच भित्रा, त्यामुळे मला त्यांचा फार आधार वाटे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ओल्या हातानं प्लगजवळ गेलो की तो आवाज ऐकू येतो.

त्यांच्या भीतीला कारण होतं. त्यांचे यजमान गावाकडे विहिरीवरची मोटार चालू करताना स्टार्टरला चिकटले. मावशी भाकरी घेऊन आल्या होत्या, समोरच उभ्या होत्या. जिवाच्या आकांतानं ओरडल्या, पण पुढे झाल्या नाहीत. कुणी धावत येऊन फ्यूज काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शहाणी माणसं म्हणाली, हात लावला असता तर तीही गेली असती. सासरची माणसं म्हणाली, बाईनं नवऱ्याला शिवलंसुद्धा नाही. हे मला माझ्या आईनं सांगितलं. मावशी त्यावर कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. लहानग्या सुनीलला घेऊन शहरात आल्या आणि दवाखान्यात आयाचं काम धरलं.

हा सुनील माझा मित्र आणि भागीदार. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाजारतळाजवळच्या एका पत्र्याच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटरवर गेम खेळायला देत होतो. गाळ्याच्या कुलपावर आमचा भरवसा नव्हता, म्हणून सुनीलनं अख्खा कॉम्प्युटर शिवणयंत्राच्या झाकणाएवढ्या पेटीत कोंबला होता. संध्याकाळी पेटी मोपेडवर ठेवून घरी आणायची. पण एप्रिलात पत्रा तापला की मोटारींची शर्यत ऐन रंगात असताना कॉम्प्युटर हँग व्हायचा आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं बोटं मोडत निघून जायचं. सुनीलनं कुठंतरी वाचलं, की मोटारीच्या इंजिनासारखं कॉम्प्युटरलाही पाण्यानं थंड ठेवता येतं. आत तापणाऱ्या चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते रेडिएटरच्या जाळीत निववून परत आणायचं. पाणी फिरवायला कूलरचा पंप.

मावशींच्या हातातलं ताट खाली आलं. "पानी आन् लाइट एका पेटीत? आरं, एकदा झालं तेवडं पुरं न्हाई का?"

"आई, पाणी नळीत असतं. बाहेर येतच नाही."

"हिरीतलं पानी बी हिरीतच हुतं, बाबा."

भंगारवाल्याकडे दोन रेडिएटर मिळाले. एक मोटारीतल्या हीटरचा, वहीएवढा, पेटीत अलगद बसणारा. दुसरा चांगला परातीएवढा, तो पेटीबाहेरच टांगावा लागणार. मी म्हटलं, मोठा घे, लहान्या जाळीला वारा लागून लागून किती लागणार? सुनील म्हणाला, "मोठा मोपेडवर नेऊ कसा, गळ्यात घालून? लहान्यालाच जोरदार पंखा लावू." पुढे मोठाच लागला. पेटीबाहेर, पंपासकट, आणि मंद पंख्यावरही पाणी कोमटच्या वर गेलं नाही. पण त्याआधीची दुपार मला अजून घाबरवते.

सुनीलनं लहान रेडिएटर आणि पंप दोन्ही पेटीतच बसवले, प्लॅस्टिकच्या नळ्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळल्या आणि घरातच गेम लावला. मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून "देवबापा, देवबापा" पुटपुटत होत्या. शर्यत झकास चालली. थोड्या वेळानं मी नळीला बोट लावलं, तर चटका बसला.

"सुनील, पाणी तापलंय. बंद कर."

"एवढी फेरी होऊ दे."

तापून मऊ झालेली नळी पट्टीतून सटकली. पाणी पेटीत, पेटीतून फरशीवर. पंप चालूच होता. सुनीलनं नळी धरायला आत हात घातला आणि त्याचं अंग ताठ झालं. तोंड उघडं, आवाज नाही. बटण माझ्यापासून दोन हातांवर होतं, पण माझे पायच हलेनात. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, पुढेही नाही. तेवढ्यात मावशी अनवाणी त्या पाण्यात शिरल्या, दोन्ही हातांनी सुनीलला कवटाळलं आणि सगळा जोर लावून मागे ओढलं. दोघं धाडकन फरशीवर पडले. तेव्हा कुठे माझा हात बटणापर्यंत पोचला.

सुनीलची बोटं भाजली होती, पण श्वास चालू होता. माझ्या भीतीचा राग झाला आणि मी त्यांच्यावरच ओरडलो, "असं धरतात का, मावशी? चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, तुम्हाला माहीत नाही? तुम्हीही गेला असता!"

मावशींनी सुनीलचा हात मांडीवर घेतला आणि भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली.

"म्हाईत हाय की. तवा बी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "पर तवा ह्यो माज्या कडंवर हुता."