पट्टी कुठल्या डोळ्यावर?

पुण्याहून नगरमार्गे निघालेली एसटी मिरजगावात थांबली तेव्हा माझी कंबर पार कामातून गेली होती. मावसबहीण शांताअक्का स्टँडवर घ्यायला आली होती. "जय भीम" झाल्यावर तिचं पहिलंच वाक्य, "लई वाळलीस गं!" शेजारच्या सीटवर चेपून बसलेल्या बाईला विचारलं असतं, तर तिनं वेगळंच सांगितलं असतं.

अक्काचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. सहा वर्षांची नात आरोही तिच्याजवळ होती. शाळेतल्या तपासणीत तिचा उजवा डोळा अधू निघाला आणि सरकारी दवाखान्यातून चष्मा नि पट्ट्या मिळाल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी, तरी पोरगी अंगणभर हुंदडत होती. जेवायला बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी (डाळीची पातळ, झणझणीत आमटी) होती. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तशी आरोही खदखदून हसली.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवायला दवाखान्यात जायचं होतं, मीही गेले. डॉक्टरबाईंनी आरोहीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आजी, पट्टी चांगल्या डोळ्यावर लावा म्हणून सांगितलं होतं ना?"

"चांगला डोळा कशापायी झाकायचा?" अक्का म्हणाली. "अधू हाय त्याला इसावा नको व्हय? मोडल्या पायावर कुनी चालतं का?"

खरं सांगते, मला अक्काचंच बरोबर वाटलं.

बाईंनी समजावलं. चांगला डोळा झाकला की अधू डोळ्याला बघावंच लागतं, त्यानंच तो सुधारतो. झाकून ठेवला तर आणखी मागे पडतो, आणि लहानपणी राहिलं की पुढे अवघड होतं. अक्कानं आरोहीला जवळ ओढलं.

"म्याच लेकराचा डोळा घालवला का वो?"

बाईंनी आरोहीचा डोळा तपासला. मग बाई हसल्या. "महिनाभर वाया गेला आजी, डोळा नाही. आता मात्र डाव्यालाच लावा, आणि रडली तरी काढू नका."

इतकं हायसं वाटलं की बाहेर येऊन मी सगळ्यांना उसाचा रस पाजला. पट्टी डावीकडे गेल्यावर आरोहीनं मात्र भोकाड पसरलं. "आजी, मला नीट दिसंना!"

संध्याकाळी दोघी मला सोडायला स्टँडवर आल्या. एसटी हलली आणि मागच्या खिडकीतून मी पाहिलं. आरोही ठेचकाळली, रडायला लागली. अक्काचा हात पट्टीकडे गेला, तिथंच थांबला, आणि मग तिनं तो पोरीच्या पाठीवर ठेवला.

पुण्यात घरचं कुलूप उघडताना मला तेच आठवत होतं. जमेल अक्काला.