विजयादशमीपर्यंत चेन्नई

वकिलाकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक म्हणजे पुढच्या तारखा आणि दुसरे किस्से. त्यातले दुसऱ्यांचे किस्से सांगायला मजा येते, पण माझी अडचण अशी की चेन्नईतल्या माझ्या सगळ्या किश्शांत फजिती झालेली व्यक्ती एकच आहे. त्यामुळे आता मीच सांगून टाकते, निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं.

मी सांगलीची. पुण्यात लॉ केलं आणि पुण्यातल्या प्रत्येक फर्ममध्ये जाऊन ‘कळवतो’ हे ऐकून आले. शेवटी चेन्नईच्या एका फर्मने बोलावलं, कारण त्यांच्या एका क्लायंटचा एक कारखाना अंबत्तूरला आणि दुसरा चाकणला होता, आणि चाकणची मराठी कागदपत्रं वाचायला त्यांना माणूस हवा होता. मुलाखत घेणारे रंगनाथन सर म्हणजे फर्मचे मालक. साठीचे, शांत, हसण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. म्हणाले, “सहा महिने बघू. ठेवायचं की नाही ते विजयादशमीला सांगतो. आम्ही नवं काही ठरवायचं ते त्याच दिवशी ठरवतो.”

आणि नाही ठेवलं तर? तर सांगलीला कोर्टाच्या दारात काकांचं नोटरीचं टेबल होतं. काकांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. “जाऊन ये, हौस फिटली की इथे बस,” म्हणाले. मला ती खुर्ची नको होती. अगदी मनापासून नको होती.

* * *

पहिला शहाणपणा घर शोधताना केला. ऑफिस अण्णा नगरला. पण पेरुंगुडीला दोन मराठी मुली फ्लॅटमध्ये तिसरी शोधताहेत असं कळलं, आणि मी मागचापुढचा विचार न करता डिपॉझिट भरून मोकळी झाले. नकाशावर दोन्ही ठिकाणं चेन्नईतच दिसत होती हो! प्रत्यक्षात शहराची ही दोन टोकं. रोज बस, मग मेट्रो, मग पुन्हा पायपीट. ऑफिसात पोचेपर्यंत माझी इस्त्री मोडलेली आणि मी पण.

एकदा सरांनी विचारलं, “इतक्या लांब का राहतेस?”

“सर, तिथे दोन मराठी मुली आहेत. घरी आल्यावर आपल्या भाषेत बोलता येतं.”

“अच्छा. मग काय बोलता?”

आता काय सांगणार? दोघी आयटीतल्या, अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या. मी घरी पोचायचे तेव्हा त्या निघालेल्या असायच्या, आणि मी निघायचे तेव्हा त्या झोपलेल्या. आमची सगळी मराठी फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायची. मी खरं तेच सांगितलं, “सर, काल ‘दूध संपलंय’ असं बोललो.”

सर हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीचा पत्ता माझ्या टेबलावर होता.

* * *

माझ्या वरच्या ललिता मॅडम. माझ्या ड्राफ्टमध्ये लाल पेन घेऊन उतरल्या की पानावर पांढरं काही उरायचं नाही. त्यांचं टेबल माझ्या समोर. आईचा फोन रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा आणि मी तिथेच बसून खुशाल बोलायचे. मराठी काय, इथे कुणाला कळतंय! “अगं ही बाई इतकी खडूस आहे ना. हसणं म्हणजे पाप वाटतं तिला. आज पण माझा ड्राफ्ट फाडून खाल्लान् तिने.” हे मी मॅडमकडे बघून, गोड हसत बोलायचे. म्हणजे संशय नको.

असे तीनचार आठवडे गेले. एक दिवस मी फोन ठेवणार इतक्यात मॅडमनी मान वर केली आणि जुन्या वळणाच्या, तमिळ हेल काढलेल्या मराठीत म्हणाल्या, “तुझ्या आईस सांग, मी खडूस नव्हें. ड्राफ्ट बरा झाला की हसेन.”

मॅडम तंजावरच्या मराठी घरातल्या. आडनाव राव, तिकडच्या मराठी घरांत सर्रास असतं ते. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात अजून मराठी बोलणाऱ्या. आडनाव त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं, आणि ते मी रोज समोर बसून वाचत होते! मला त्या वेळी टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

मॅडमनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी आईशी अर्धा तास गप्पा मारल्या. आता त्यांची इतकी गट्टी आहे की आईचा फोन थेट त्यांनाच येतो, आणि माझ्या तक्रारी आई त्यांच्याकडे करते.

* * *

अंबत्तूरच्या त्या क्लायंटच्या घरी लग्न होतं. सरांनी मला आणि ललिता मॅडमना नेलं. केळीच्या पानावर जेवण. सांबार, रसम, कूटू, अवियल, पायसम, वाढणारे थांबेनात आणि मीही थांबवेना. जेवण झाल्यावर सगळे पान मिटताना दिसले, तेव्हा मीही व्यवस्थितपणा दाखवावा म्हणून माझं पान छान मिटलं. खालची कड उचलून पलीकडे, समोरच्या बाजूला.

माझ्या आजूबाजूच्या बायका माझ्या पानाकडे बघायला लागल्या. ललिता मॅडमनी झटकन हात घालून माझं पान उघडलं आणि वरची कड माझ्याकडे ओढून पुन्हा मिटलं. कानात म्हणाल्या, “शुभकार्यात आपल्या बाजूला मिटतात. पलीकडे मिटतात तें मर्तिकाच्या जेवणात.”

तोवर नवऱ्या मुलाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या क्लायंटने, पाहिलं होतंच. ते लगबगीने आले. मला वाटलं, आता केस गेली, क्लायंट गेला, नोकरी पण गेली. पण ते हात जोडून म्हणाले, “तुम्हाला जेवण आवडलं नाही वाटतं. आमचं काहीतरी चुकलं. पुन्हा बसा.”

नाही कसं म्हणणार? नवीन पान मांडलं, स्वतः यजमान वाढायला उभे राहिले, आणि मी मिठापासून पायसमपर्यंत सगळं दुसऱ्यांदा जेवले. शेवटी पान माझ्याकडे मिटायचं होतं, पण वाकता येत नव्हतं. तेही मॅडमनीच मिटलं.

* * *

मग लेबर कोर्टाचा दिवस. सर दुसऱ्या कोर्टात अडकले होते. मला फोन आला, “जा आणि पुढची तारीख घे. बाकी काही बोलू नकोस.”

आता मला सांगा, पहिल्यांदा एकटी उभी राहणार, काळा कोट कडक इस्त्रीचा, गळ्यातला बँड पांढराशुभ्र, केस तोंडपाठ. आणि बोलायचं काय, तर “तारीख द्या”? न्यायाधीशांनी सहज विचारलं, “व्हॉट इज द मॅटर अबाउट?” झालं. मी सुरू. कामगाराची नेमणूक, बदली, नोटीस, चौकशी, सगळं. समोरचे वकील आधी चकित झाले, मग खूश झाले, मग आरामात खुर्चीवर रेलले, कारण त्यांना आमची सगळी बाजू फुकटात ऐकायला मिळत होती.

न्यायाधीश म्हणाले, “व्हेरी गुड. तयारी आहे तर आजच ऐकतो. तुमचे साक्षीदार कुठे आहेत?”

साक्षीदार अंबत्तूरला मशीनवर. मी म्हटलं, “युअर ऑनर, मला तारीख हवी आहे.”

संध्याकाळी सरांसमोर उभी राहिले. त्यांना आधीच कळलेलं होतं, कोर्टातल्या बातम्या मेट्रोपेक्षा वेगाने अण्णा नगरला येतात. सरांनी चष्मा पुसला. “तुला तारीख आणायला पाठवलं होतं. तू निकाल आणायला निघाली होतीस. तोही आपल्या विरुद्ध.”

* * *

त्यानंतर सरांनी मला कोर्टापासून लांब ठेवलं आणि एका समझोत्याच्या करारावर सह्या घ्यायचं काम दिलं. दोन भागीदार, वर्षानुवर्षांचं भांडण, मुश्किलीने मिटलेलं. मी शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली, दोघांना आणलं, कॉफी दिली, कागद पुढे ठेवले. दोघांच्या खिशात पेन. पण एकही काढेना. गप्पा सुरू, ऊन किती वाढलंय, आंबे कसे आहेत.

म्हटलं, फिसकटलं सगळं. मी एकेक कलम समजावून सांगायला लागले. दोघं मान हलवतात, पेन काढत नाहीत. मी घाबरून म्हटलं, “कलम नऊ आवडलं नसेल तर बदलू या का?” आता दोघंही कलम नऊ उघडून वाचायला लागले, आणि वाचता वाचता एकाचा चेहरा बदलायला लागला!

बाराला सर आत आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग दोघांकडे. दोघांनी एकदम पेन काढलं, सह्या केल्या, एकमेकांना मिठी मारली आणि गेले.

“सर, मग इतका वेळ काय झालं होतं?”

“राहुकाळ होता. शुक्रवारी साडेदहा ते बारा. सांगलीत नसतो?”

असतो हो. आमच्या कॅलेंडरवर पण असतो. पण तो आम्ही वाचत नाही. सर दाराशी थांबून म्हणाले, “पुढच्या वेळी नुसती कॉफी दे. कलम नऊ देऊ नकोस.”

* * *

आणि आयुधपूजा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपली खंडेनवमी तीच. ऑफिस धुऊन पुसून घेतलेलं, झेंडू, केळीचे खुंट, चुरमुरे, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ. मॅडम म्हणाल्या, “तुझीं कामाचीं आयुधें पूजेत ठेव. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.”

मी म्हटलं, चला, निदान हे तरी आपल्याला येतं. आमच्या घरी बाबा स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळं पूजतात. आणि मला त्या दिवशी देवाची गरज पण जास्त होती, दुसऱ्या दिवशी विजयादशमी, माझा निकाल. मी लॅपटॉप ठेवला. टेबलावरच्या सगळ्या फायली ठेवल्या. गाऊन, बँड, स्टॅपलर, पंचिंग मशीन, चार्जरसुद्धा ठेवला. गुरुजींनी सगळ्यावर गंध, कुंकू, फुलं वाहिली. फार समाधान वाटलं.

आरती झाली, सुंडल खाल्लं, आणि बघते तर सगळे आपापल्या टेबलावर परत कामाला! सरांनी पूजेत ठेवलं होतं वर्षानुवर्षं न वापरलेलं एक शाईपेन. मॅडमनी ठेवलं होतं रद्द झालेल्या एका कायद्याचं पुस्तक. आख्ख्या ऑफिसात आयुधं खरोखर खाली ठेवणारी मी एकटीच निघाले.

सरांनी हाक मारली, “अंबत्तूरचा जबाब पाठवलास? आज संध्याकाळपर्यंत म्हटलं होतं.”

“सर, तो लॅपटॉपमध्ये आहे.”

“लॅपटॉप?”

मी पूजेकडे बोट दाखवलं. त्यावर जास्वंद होती. गुरुजी मान हलवत होते, म्हणजे नाही, हात लावायचा नाही.

सरांनी क्लायंटला फोन लावला. तमिळमध्ये बराच वेळ बोलले. त्यात मला कळलेला एकच शब्द, माझं नाव, आणि तो तीनदा आला. फोन ठेवून म्हणाले, “उद्या सकाळी सातला ये.” बस, इतकंच. मी मागच्या गल्लीतल्या माझ्या खोलीवर जाऊन बॅग काढली आणि त्यात कपडे भरता भरता रडले. काकांची खुर्ची लाकडी होती की प्लास्टिकची, तेही आठवेना.

सकाळी गेले. पूजा हलवली तशी मी आधी लॅपटॉप उचलला, कुंकू पुसलं आणि जबाब पाठवला. मग सरांनी आत बोलावलं. जमिनीवर चटई, चटईवर परातीत तांदूळ, आणि परातीसमोर सरांची तीन वर्षांची नात, रेशमी परकर-पोलक्यात. इथे मुलांना पहिलं अक्षर विजयादशमीला शिकवतात, तांदळात बोट धरून. सरांनी नातीचं बोट धरून ‘अ’ गिरवून घेतला. मग माझ्याकडे बघून चटईवर हात आपटला.

“बस.”

मी, बी.ए. एलएल.बी., मांडी घालून बसले. सरांनी माझं बोट धरलं आणि तांदळात तमिळ ‘अ’ काढला, गाठी आणि उभी रेघ. मग तांदूळ सारखे करून म्हणाले, “आता तू एकटी.”

मी काढला. नातीने वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, “तप्पु.” म्हणजे चूक.

ललिता मॅडम दारात उभ्या होत्या, हसत होत्या. मला राहवेना. म्हटलं, “सर, ते माझं ठेवायचं की नाही ठरवायचं होतं, ते...”

सर तळहाताने तांदूळ पुन्हा सपाट करत होते. वर न बघता म्हणाले, “आज दिवसभर ‘अ’ गिरव. ‘आ’ पुढच्या विजयादशमीला.”