‘विचारलंस का?’ म्हणणाऱ्या मॅडम

ग्रंथालयाच्या मॅडम कॉलेजात कधी खुर्चीवर टेकल्याचं मला आठवत नाही. मुरबाडच्या आमच्या कॉलेजात त्यांच्या टेबलामागे खुर्ची होती, पण तिच्यावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. मॅडम चालतच असायच्या. कपाटांमधून, संगणकांच्या रांगेमागून. स्क्रीनवर काही भलतं दिसलं की खांद्यामागून प्रश्न यायचा, “विचारलंस का?” सूर असा की घरी आंघोळीचं पाणी घेतानाही कुणाला तरी विचारावंसं वाटे.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. “ए सरळगाव, पंखा बंद कर.” “टोकावडे, पाय खाली.” मी वैशाखरे. तीन वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं, की प्रत्येक कॉलेजात ऑनलाइन नीतिमत्तेची समिती हवी, बेकायदा डाउनलोड थांबवा, मुलांकडून हमीपत्रं भरून घ्या. प्राचार्यांनी समिती मॅडमच्या गळ्यात मारली. आम्ही हमीपत्रं न वाचता सह्या ठोकल्या. “सह्या करायला काय लागतंय तुमाला,” मॅडम म्हणाल्या आणि गठ्ठा कपाटावर टाकला.

त्यांची रीत वेगळी होती. सिनेमा उतरवताना किंवा पुस्तकाची चोरटी पीडीएफ वाटताना कुणी सापडलं, की ड्रॉवरमधून पोस्टकार्ड निघायचं. ज्याचं घेतलं त्याला लिहायचं : मी तुमची वस्तू न विचारता घेतली, माझं नाव अमुक, गाव तमुक. पत्ताही आपणच शोधायचा. एकदा सरळगाव रडकुंडीला येऊन म्हणाला, “मॅडम, एका सिनेमाला पन्नास माणसं हायेत, कुनाकुनाला लिवू?” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “पन्नास कार्डं हायेत माझ्याकडं.” आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसले.

मग माझी पाळी आली. दुसऱ्या वर्षाला लोकसाहित्याचा प्रकल्प होता. डोळखांबकडच्या एका पाड्यावर ठमाबाई नावाची धवलारीण होती. लग्नाच्या विधींची गाणी ती गायची. मी फोन समोर धरून बसले आणि तिने दुपारभर गाणी दिली. शेवटचं तिचं स्वतःचं होतं. “ह्ये मी नातीच्या लगनासाठी बांधलंय,” ती म्हणाली. “कुनाला ऐकवलं नाय आजून. तू शिकायला नेतेस म्हनून देतंय.”

रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह नियमाप्रमाणे ग्रंथालयात जमा केला. पण माझा जीव स्वस्थ बसेना. ते शेवटचं, एवढं सुंदर गाणं कपाटात कुजणार? वर्गातल्या एकाने त्याला ठेका जोडून दिला आणि मी ते माझ्या चॅनलवर टाकलं, खाली माझं नाव. ठमाबाईचं नाव घालायचं राहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. मी ते मुद्दाम घातलं नव्हतं. आसपासच्या डीजेवाल्यांनी गाणं उचललं. दर पाच मिनिटांनी मी फोन बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ओळखत होतं.

एका सोमवारी मॅडम थेट वर्गाच्या दारात. “वैशाखरे, बाहेर ये.” किन्हवलीला त्यांच्या आळीत हळद होती, तिथे त्यांनी ते गाणं ऐकलं होतं. “आवाज वळखला मी. पेन ड्राइव्ह ऐकून नंबर मीच टाकलाय. विचारलंस का?”

“प्रकल्पासाठी विचारलं होतं, मॅडम.”

“ते इचारलंस. ह्ये इचारलंस का?” मॅडमच्या ‘विचारलंस’चं असं ‘इचारलंस’ झालं की त्या खरंच संतापल्यात हे कॉलेजभर ठाऊक होतं.

प्राचार्यांनी मला गाणं काढून टाकायला लावलं, माफीनाम्यावर सही घेतली आणि प्रकरण मिटलं म्हणाले. मला हायसं वाटलं. मॅडमनी ड्रॉवरमधून पोस्टकार्ड काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. “तिला वाचता नाय येत. उद्या सकाळच्या गाडीला ये.”

सरळगावला एक एसटी, किन्हवलीला दुसरी, मग चालत. ठमाबाई ओटीवर सुपात नाचणी निवडत होती. मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

“नातीचं लगीन झालं गो, मागल्या आयतवारी,” ती म्हणाली. “हळदीला मी उभी ऱ्हायले. पयली वळ म्हनली, तं पोरं हसली. आजी डीजेचं गानं म्हनते, बोलली. मंग मी गप बसले.” सूप हलवत तिने विचारलं, “मोबाइलातनं काढलंस?”

“काढलं, आजी.”

“मंग दे परत.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की काढलेली वस्तू परत देता येते. मी मॅडमकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसून होत्या, न हलता. मी रडत होते, त्यांनी समजूत घातली नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, “माझंबी चुकलं. तिनं गानं कशापायी दिलं, ते पेन ड्राइव्ह घेतानाच तुला इचारायला पायजे व्हतं.” त्या आठवड्यापासून ग्रंथालयातल्या प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत एक कागद असतो : कशासाठी दिलं, कशासाठी नाही.

तो कागद आता मी भरून घेते. मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागेवर मी आले. माझ्याही खुर्चीवर पुस्तकंच असतात. लग्नसराईत कुठल्या तरी मांडवातून ते गाणं ऐकू आलं की मी आत शिरते, बंद करा म्हणते. डीजेवाला हसतो, “ताई, हे तर सगळ्यांचंच गाणं आहे.” ठमाबाई आता नाही. मला अजून स्वस्थता नाही, आणि ती मिळावी असंही वाटत नाही.

हे लिहायच्या आधी मॅडमना फोन करून विचारलं. “माझं काय, लिही,” त्या म्हणाल्या. मग लगेच, “वैशाखरे, तिच्या नातीला विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. रविवारी तिच्या सासरी गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने हात पुसले. “लिवा, ताय,” म्हणाली. “पन गानं नका लिवू.”

ते मला अजून अख्खं पाठ आहे. इथे त्याची एकही ओळ लिहिलेली नाही.