ठासणीची बंदूक आणि जावयाचा मान

बंदुकीत गोळी घालायच्या आधी दारू घालावी लागते, हे मला मान्य आहे. मी ते कधीच नाकारलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे लक्षात ठेवायची सगळी जबाबदारी एकट्या माझ्यावर का?

आमच्या गाडीत पट्टा लावला नाही तर ती टीं टीं करून जीव खाते. फ्रीजचं दार उघडं राहिलं तर फ्रीज बोंब मारतो. बायकोच्या वाढदिवसाची आठवण फोन आदल्या दिवसापासून करून देतो (तरीही मी विसरतो, पण तो निराळा विषय आहे). आणि ठासणीची बंदूक! एवढी जीवघेणी वस्तू, पण तिला ना दिवा ना घंटी. आधी नळीत दारू ओतायची, मग चिंधी आणि गोळी, मग लांब गजाने ते सगळं ठासायचं, मग तो गज बाहेर काढायचा, मग ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मग घोडा ओढायचा, मग चाप. यातलं काहीही राहिलं तरी ती आपली गप्प. माणसाने करायचं काय?

पण पहिल्यापासून सांगतो. कारण माझी बायको वैशाली ही हकिगत सगळ्या कुवेतला शेवटापासून सांगत सुटली आहे.

वैशालीचे वडील, म्हणजे आमचे आप्पा, गुहागरकडचे. घरची हापूसची कलमं आणि कलमांवर वानरं. त्या वानरांसाठी आप्पांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. उभा जन्म त्यांनी ती वापरली. म्हणजे हवेत बार काढले. एकाही वानराला कधी काही लागलं नाही, आणि वानरांनाही ते ठाऊक होतं. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि मतदान उरकलं की परत आणायची, असा रिवाज. गेल्या निवडणुकीला जमा केली ती मात्र परत आलीच नाही. वय झालं म्हणून परवाना वाढवून मिळाला नाही.

आमच्याकडे कुवेतला आल्यापासून आप्पा जाब्रियातल्या आमच्या गॅलरीत उभे राहून, एक डोळा मिटून, समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांवर छत्रीचा नेम धरायचे. (कुवेतला येताना छत्री घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.) नेम धरायचा, जरा वेळ थांबायचं, आणि मग छत्री खाली करून आत येऊन बसायचं. बघवत नसे.

"अहो," वैशाली म्हणाली. (एरवी ती मला 'अरे' म्हणते. आप्पा असले की 'अहो'.) "जायच्या आधी आप्पांना एकदा, एकच बार काढायला मिळाला, तर किती बरं होईल! यापुढे त्यांना कोण बंदूक हातात देणार?"

"एवढंच ना?" मी म्हणालो. माझे सगळे अपघात या दोन शब्दांनी सुरू होतात.

झालं असं, की कुवेत सिटीत मी ज्या कंपनीत हिशेब बघतो, तिथले मोठे साहेब अबू फहद यांना जुन्या बंदुकांचा भयंकर नाद. शहराबाहेरच्या एका रेंजवर ते दर शुक्रवारी ठासणीची बंदूक उडवतात. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी घरचीच. मी आप्पांची कहाणी सांगितली तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्हारा ससुर को लाओ! मेरी बंदूक चलाएगा. लेकिन पहले तुम."

रेंजचा नियमच तसा. पाहुण्याला आणणाऱ्याने आधी स्वतः प्रशिक्षण घ्यायचं आणि पाहुण्याच्या आधी एक बार व्यवस्थित काढून दाखवायचा. मी प्रशिक्षण घेतलं. पूर्ण वेळ मान डोलावली. ऑडिटच्या मीटिंगमध्येही मी तशीच डोलावतो, आणि तिथे आजवर काही उडालेलं नाही.

आप्पांचं विमान शनिवारी. शुक्रवारी आम्ही तिघे सकाळीच निघालो. जुम्म्याच्या नमाजासाठी रेंज बंद होते, त्याच्या आत सगळं उरकायचं. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी दोनदा केली होती. रेंजच्या फाटकावर रखवालदाराने पाहुण्याचा पासपोर्ट मागितला, आणि मी वैशालीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? तुम्ही झेरॉक्स काढत होता ना त्याची?"

काढत होतो. पासपोर्ट घरी प्रिंटरच्या झाकणाखाली होता. आता मला सांगा, कागद संपला की जो प्रिंटर घर डोक्यावर घेतो, त्याला पोटात एका भारतीय नागरिकाचा पासपोर्ट आहे हे सांगता येऊ नये? वाळवंटातून परत जाब्रिया, जाब्रियाहून परत वाळवंट. मागच्या सीटवर आप्पा अगदी प्रसन्न.

"असू दे हो, जावईबापू. रस्ता फार सुंदर आहे. दोन-दोनदा बघायला मिळतोय."

पोचलो तेव्हा अबू फहद घड्याळ बघत उभे होते. त्यांनी ती बंदूक आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी तिच्या दस्त्यावरून असा हात फिरवला, की वैशालीने तोंड दुसरीकडे केलं. मग त्यांनी ती अदबीने माझ्याकडे दिली. "आधी तुम्ही, जावईबापू. मान तुमचा."

मी पुढे झालो. मागे आप्पा हात पाठीशी बांधून उभे, शेजारी वैशाली, पलीकडे रेंजचे मुदीर. (मुदीर म्हणजे तिथले सर्वेसर्वा. यांच्या मिशा बघूनच बंदुका आपोआप उडत असाव्यात.) एवढी माणसं बघत असताना कोणाच्या डोक्यात काय राहणार? मी चिंधी घातली, गोळी घातली, गजाने दणादण ठासलं, गज काढला, टोपी बसवली, घोडा ओढला, डोळे मिटले आणि चाप ओढला.

फट्!

दिवाळीत सादळलेली टिकली वाजते तसं काहीतरी वाजलं. बस्स.

"हिलना मत! कोई नहीं हिलेगा!" अबू फहद ओरडले. बार उशिरा उडू शकतो म्हणे, म्हणून बंदूक समोर धरून थांबायचं. लाल बावटा वर गेला. रेंजवरचे सगळे लोक आपापल्या बंदुका ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी पुतळ्यासारखा. नाकाला खाज. शेवटी मुदीरनी तपासलं आणि अबू फहदना अरबीत काहीतरी सांगितलं.

"दारू कहाँ है?" अबू फहदनी मला विचारलं.

दारू टेबलावर होती. मोजून, छान मापात भरून ठेवलेली. मीच ठेवली होती.

मग ती अडकलेली गोळी काढायचा समारंभ. गजाच्या टोकाला स्क्रू लावून, विहिरीत पडलेली बादली काढतात तसं मुदीर नळीत खुडबुड करत राहिले. नमाजाची वेळ जवळ यायला लागली. मी आप्पांकडे बघून ओशाळं हसलो. "जरा तांत्रिक अडचण आली, आप्पा."

"व्हायचंच," आप्पा म्हणाले. "बंदूक नवीन आहे तुम्हाला."

दुसऱ्या खेपेला मी चुकणार नव्हतो. "दारू," असं मोठ्याने म्हणत मी दारू ओतली. "चिंधी. गोळी." गज घेतला आणि सगळा राग काढून ठासलं. नेमकी तेव्हाच वैशाली मागून म्हणाली, "अहो, आता घातलीत ना दारू नक्की?"

हा काय प्रश्न झाला? चारचौघांत? मी वळून तिला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की मला सगळं नीट समजतं, आणि दर वेळी असं टोकलं म्हणूनच माणूस विसरतो. तेवढं सांगून मी पुन्हा वळलो, टोपी बसवली, घोडा ओढला, चाप ओढला.

धडाड्!

असा बार मी जन्मात ऐकला नव्हता. खांदा निखळला असं वाटलं. धुराने समोरचं काही दिसेना. पण धुरातून काहीतरी लांबलचक सूं सूं करत गेलं, हे सगळ्यांनी ऐकलं. धूर निवला तेव्हा माझ्या लक्ष्यावर ओरखडासुद्धा नव्हता. शेजारच्या लक्ष्याच्या मात्र बरोब्बर मधोमध अबू फहदांचा गज घुसून डुलत होता.

"अरे गाढवा!" वैशाली किंचाळली. आप्पांच्या देखत! लग्नाला सतरा वर्षं झाली, पण 'अहो' असं उघड्यावर कोसळताना मी प्रथमच पाहिलं.

मुदीर माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या गळ्यातलं रेंजचं कार्ड काढून खिशात टाकलं. मी बाद, म्हणजे माझ्याबरोबरचा पाहुणाही बाद. आप्पा अजून तसेच, हात पाठीशी बांधून उभे होते. पण मघाचा चेहरा राहिला नव्हता. इस्त्रीच्या सदऱ्यात ते एकदम म्हातारे दिसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, चुकलंच माझं. काय झालं तेच कळलं नाही."

"गज नळीतच होता, जावईबापू," आप्पा हळूच म्हणाले. "आणि मघाशी दारू घालायची राहिली होती."

"तुम्ही बघितलं होतंत?"

"म्हणजे काय! डोळे शाबूत आहेत माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाची चूक चारचौघांत दाखवायची?" आप्पांना खरोखर धक्का बसला होता. "आमच्यात नाही तसं. वैशूच्या आईनं मला घरात घेतलं नसतं."

"अहो आप्पा, पण गज सुटला! कोणाला लागला असता तर?"

"समोर कोणी नव्हतं, ते मी आधी बघून घेतलं होतं. असतं तर बोललो असतो."

"काय बोलला असतात?"

"आडूनच," आप्पा म्हणाले. "'जावईबापू, हल्ली गज आत ठेवूनच उडवतात का?' असं."

मला इतका संताप आला, की मी मराठीतच ओरडायला लागलो. अबू फहद मध्ये पडले. "क्या बोलता है ये?" मग जावई म्हणजे कोण, त्याचा मान म्हणजे काय, आणि त्यापायी त्यांचा गज कसा गेला, हे मला माझ्याच तोंडाने हिंदीत समजावून सांगावं लागलं. ऐकता ऐकता साहेब हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून ते मुदीरकडे गेले. पाच मिनिटं अरबीत हुज्जत. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रेंजचा दुसरा गज होता.

"एक बार. मेरी ज़िम्मेदारी. लेकिन ये आदमी," माझ्याकडे बोट, "काँच के पीछे!"

म्हणून माझ्या सासऱ्यांचा तो बार मी काचेमागून बघितला, एका बाजूला रखवालदार, दुसऱ्या बाजूला वैशाली. आप्पांनी दारू ओतली, चिंधी, गोळी, गज. गज काढला. काय डौल! बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला, घोडा ओढला, चाप ओढला.

खट्.

पुन्हा घोडा, पुन्हा चाप. खट्. आप्पांनी बंदुकीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. भोंग्यावर रेंज बंद होत असल्याचं सांगायला सुरुवात झाली. आणि मला दिसलं. टोपी! टोप्यांची डबी टेबलावर बंदच होती. त्यांनी टोपी बसवलीच नव्हती!

आता मी काय आडून बोलणार? मी दोन्ही हातांनी काच बडवली. "आप्पा! टोपी! टोपी विसरलात! ती डबी बघा, डबी!" रखवालदाराने माझा दंड धरला. वैशाली मला ओढायला लागली. मी तसाच लोंबकळत ओरडत राहिलो. शेवटी आप्पांनी वळून बघितलं, मग डबीकडे बघितलं.

धडाड्!

गोळी कुठे गेली देव जाणे. लक्ष्यावर तरी गेली नाही. पण धुरातून आप्पा बाहेर आले ते तोंड काळं, डोळ्यांतून पाणी, आणि ओठांवर असं हसू, की अबू फहदनी त्यांना मिठीच मारली. वैशाली तर हुंदके देत होती. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

"चारचौघांत ओरडलात," आप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाले. "पण बरं केलंत हो. नाहीतर राहिलाच होता बार."

मी फुगलो. इथेच मी चुकलो. "मग! म्हणून म्हणतो आप्पा, चूक दिसली की तोंडावर सांगावी. यापुढे तुम्हीही सांगायची. मान-बिन काही नको."

"सगळ्या सांगू?"

"सगळ्या."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!" मी दिलदारपणे म्हणालो, आणि गाडी सुरू केली.

हँडब्रेक काढायचा राहिला आहे, इथून आप्पांनी सुरुवात केली. मग त्यांनी एकदा घसा साफ केला. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी जांभई दिली होती. जेवताना मी विहिणीच्या पानातला लाडू उचलला होता. पहिल्या दिवाळसणाला मी बंबात पाणी न घालताच खाली जाळ केला होता. "बंब गेला. पण वैशूची आई म्हणाली, बंब जाऊ दे, जावयाला बोलायचं नाही." वैशाली मागच्या सीटवर हसून हसून आडवी झाली होती. जाब्रिया आलं तेव्हा आम्ही अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षात होतो.

शनिवारी विमानतळावर आत जाता जाता आप्पा थांबले, वळले आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आमच्या कलमावरून पडलात ते राहिलंच. पोचल्यावर फोन करतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. त्यांची स्मरणशक्ती या वयातही ठणठणीत आहे. त्या वेळी आपला फोन बंद करून ठेवायचा, असं मी रोज सकाळी ठरवतो, आणि रोज विसरतो.