नंदूने स्टरर थांबवला

नंदू आगाशेला नाही म्हणता येत नाही, हे लंडनच्या स्टॅनमोरमधल्या निम्म्या मराठी घरांना पाठ आहे. कुणाची सासू हीथ्रोला उतरली की आणायला नंदू. कुणाचं कपाट जोडायचं असलं की नंदू. त्याची बायको वैभवी वैतागून म्हणते, "ह्याच्या कपाळावर लिहिलंय का, या आणि राबवून घ्या म्हणून?" लिहिलेलं नाही, पण वाचता सगळ्यांना येतं. मलाही येतं. वॉटफर्डच्या लॅबमध्ये मी त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करते आणि रोज त्याच्याच गाडीतून फुकट जाते-येते.

आमचं काम चिखलाचं. कॅनडात वाळूतून तेल काढतात आणि मागे उरलेला पातळ गाळ तळ्यांत साठवतात. त्यातली माती इतकी बारीक की वर्षानुवर्षं खाली बसत नाही. त्यात पॉलिमर घालून ढवळलं की मातीचे कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात आणि पाणी सुटं होतं. खुबी ढवळण्यात आहे. कमी ढवळलं तर पॉलिमर सगळीकडे पोचत नाही. जास्त ढवळलं तर झालेल्या गुठळ्या फुटतात आणि पुन्हा तशा जमत नाहीत.

त्या मंगळवारी कॅनडाच्या कंपनीच्या बाई स्वतः चाचणी बघायला आल्या होत्या. त्यांना पटलं तर पुढचं काम आमचं, नाहीतर आमचा विभाग बंद, असं मॅनेजरने आधीच सांगून ठेवलं होतं. नंदूचा व्हिसा या नोकरीवर, आणि त्याच्या मुलीची, अन्वीची, जीसीएसई म्हणजे इथली दहावीची परीक्षा तोंडावर. सकाळपासून त्याने चहाला हात लावला नव्हता. त्यात गाळ उरलेला दोनच भांड्यांपुरता.

पहिल्या भांड्यात त्याने पॉलिमर सोडलं, स्टरर म्हणजे ढवळायचं यंत्र फिरलं आणि टपोऱ्या गुठळ्या दिसू लागल्या. नंदूचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात बाई फोन वर धरून म्हणाल्या, "चालू ठेवाल का जरा? मला व्हिडिओ घ्यायचाय."

"ऑफ कोर्स," नंदू म्हणाला.

बघता बघता गुठळ्यांचा भुगा झाला आणि भांड्यात परत तोच राखाडी गाळ फिरू लागला.

"एवढंच होतं याने?" बाईंनी विचारलं. मॅनेजरचा चेहरा पडला. आणि नंदूने काय करावं? माफी मागितली. ज्यांनी बिघडवलं त्यांचीच. मी जाम चिडले. दुसरं भांडं लावताना त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "नंदू, आता कोणी काहीही म्हणू दे. तुझं अख्खं घर या भांड्यावर टांगलंय."

नंदूने पॉलिमर सोडलं. स्टररचा आवाज जड झाला, म्हणजे गाळ धरायला लागला. तो वाकून काचेकडे एकटक बघत होता.

"वेग थोडा वाढवा ना," बाई म्हणाल्या. "मला कडेचं नीट दिसत नाहीये."

मॅनेजरने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नंदू, प्लीज."

"नो," नंदू म्हणाला आणि त्याने बटण बंद केलं.

गुठळ्या हळूहळू खाली बसल्या आणि वर स्वच्छ पाणी दिसू लागलं.

"मघाशी का नाही थांबवलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही चालू ठेवा म्हणालात."

"आमच्या साइटवर रोज कोणी ना कोणी असं म्हणणारच." मग मॅनेजरकडे वळून त्या म्हणाल्या, "काम तुम्हाला देते. पण यंत्रापाशी हाच माणूस हवा."

गाडीत बसल्यावर नंदू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मलाही भरून आलं.

स्टॅनमोर जवळ आलं तशी मी सवयीने म्हटलं, "शनिवारी वेम्बलीहून आमचा सोफा आणायचाय रे. तू येशील ना?"

"नाही जमणार, देवयानी. अन्वीचा अभ्यास घ्यायचाय."

मला रागच आला. उतरेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. घरी जाऊन व्हॅन बुक केली आणि मग वैभवीला फोन लावून सोफ्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "तो काय म्हणाला ते पुन्हा सांग."