बाबा जिंतूरच्या बाजूनं बसले

मोठ्या दिव्यांच्या उजेडात, गालिच्यासारख्या गवतावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर मी बऱ्याच मॅचेस खेळले आहे. पण आवडती मॅच कोणती असं कुणी विचारलं, तर मी जिंतूरच्या मैदानावरची सांगते. भेगाळलेली काळी माती, फक्कीनं आखलेल्या वाकड्यातिकड्या रेघा आणि समोरच्या संघाच्या बाजूला बसून माझ्याविरुद्ध ओरडणारे माझे सख्खे वडील.

मी स्ट्रायकर आहे. गोल करणं हे माझं पोटापाण्याचं काम. दक्षिणेतल्या एका क्लबशी माझा करार आहे, महिन्याला पगार होतो, दुखापत झाली तर डॉक्टर असतो. आमच्या गावात मात्र हे अजून पुरतं पटलेलं नाही. "पोरगी कुठं नोकरीला हाय?" असं बायका आईला विचारतात. ती सांगायची, "फुटबॉल खेळती." "ते झालं हो, पण नोकरी?" आता आई वाद घालत नाही. "कंपनीत हाय" म्हणते आणि मोकळी होते.

आमचं गाव जिंतूर-परभणी रस्त्याच्या आत, थोडं आडबाजूला. शाळा जिंतूरला. शाळेत आम्ही दोघीच मुलींमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या, मी आणि माझी एक मैत्रीण. ती उंच, लांब हातांची, म्हणून पोरांनी तिला गोलमध्ये उभी केली. मी दिवसभर तिच्यावर बॉल मारायचे. जिंतूरच्या मोठ्या पोरांचा संघ होता. तो चालवणाऱ्यांकडे आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "मुलींचं नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. परभणीत मात्र एक सर मुलींना गोळा करून शिकवतात असं कळलं. सकाळी लवकर कृषी विद्यापीठाजवळच्या मोकळ्या मैदानावर सराव चालायचा. मैत्रिणीच्या घरच्यांनी तिला पाठवलं नाही. मी गेले, कारण माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि पहिली परभणी गाडी त्यांची असायची.

लोकांना वाटतं, बापाची गाडी म्हणजे माझी चैन होती. तसं नव्हतं. रोज सकाळी, सगळ्या गाडीसमोर, ते माझ्या सीटजवळ येऊन हात पुढे करायचे. "पास?" मी पास दाखवायचा, त्यांनी बघायचा आणि पुढे जायचं. एकदा मी पास घरी विसरले. खिशात तिकिटापुरतेही पैसे नव्हते. मला वाटलं, सोडतील. वाटेतलं बोरी गाव आलं तशी त्यांनी घंटी वाजवली आणि मला म्हणाले, "उतर. घराकडं जाणारी गाडी येईल थोड्या वेळानं. त्या कंडक्टरला माझं नाव सांगू नको, काकाकडून तिकिटाला पैसे घे." माझे काका तेव्हा बोरीला किराणा दुकानात कामाला होते. बूट गळ्यात अडकवून मी रस्त्यावर उभी, रागानं डोळ्यांत पाणी. घरी आईनं त्यांना चांगलंच झापलं. ते शांतपणे जेवत होते. म्हणाले, "गाडीवर असलो की मी गाडीचा. घरी आलो की तिचा. दोन्हीची खिचडी केली तर मी कुणाचाच राहत न्हाई."

तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण खेळ धंदा म्हणून करायला लागल्यावर हे बोलणं मला जेवढं कामाला आलं तेवढं कुठल्याच कोचचं आलं नाही. मी एक क्लब सोडून दुसऱ्यात गेले, तेव्हा जुन्या क्लबच्या पाठीराख्यांनी मला नाही नाही ते लिहिलं. पुढच्याच हंगामात त्यांच्याविरुद्ध मी गोल केला आणि दोन्ही हात वर करून पळाले. काही खेळाडू जुन्या संघाविरुद्ध गोल केला की मान खाली घालतात. त्यांचं त्यांना लखलाभ. त्या क्लबच्या जर्सीत मी शेवटच्या मिनिटापर्यंत धावले होते, पायाला टाके असताना खेळले होते. त्यांचं मी काही देणं लागत नव्हते. आता अंगावर दुसरी जर्सी होती आणि तिच्याशी बेइमानी करणं मला जमणार नव्हतं.

तर, ती मॅच. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली तशी परभणीहून सरांचा फोन आला. जिंतूरला मुलींची खुली स्पर्धा ठरली होती, वयाची अट नव्हती. "येशील का खेळायला आपल्याकडून?" मी हो म्हटलं आणि क्लबकडून परवानगी घेतली. आठवडाभरानं मैत्रिणीचा फोन. ती आता जिंतूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. जे आम्हाला मिळालं नाही ते तिनं उभं केलं होतं, जिंतूरच्या मुलींचा संघ. आसपासच्या खेड्यांतल्या पोरी, काहींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले आणि त्या आजीकडे राहिलेल्या, अशा सगळ्या तिनं घरोघर जाऊन जमवल्या होत्या.

"आपल्या गावाकडून खेळ," ती म्हणाली. "पोरी तुझं नाव ऐकून पागल होतील."

"मी परभणीला जबान दिली."

ती म्हणाली, "बरं. मग मी हायेच गोलमध्ये."

अंतिम सामना नेमका जिंतूर आणि परभणीचाच पडला. त्या सकाळी काका घरी आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "बाई, लय जोर लावू नको आज. आपल्याच पोरी हायेत. तू एवढ्या मोठ्या क्लबची, तुझं काय जायलंय?"

"काका, दुसऱ्याच्या रानात पेरणीला तिफण धरली तर तुमी वाकडी हाकता का?"

काका हसले, पण त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा आता रिटायर झालेले, ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "तिला काय सांगायलास? मी तर जिंतूरच्या बाजूनं बसणार हाय."

आई आतून बाहेर आली. "आन् पोरगी?"

"पोरगी खेळती की. तिला काय कमी हाय? त्या लेकरांसाठी ओरडणारं माणूस नको का कुणी? गाव आपलं हाय."

मला हसू आलं आणि थोडं टोचलंही. पण मी त्यांना एका शब्दानं अडवलं नाही.

ऊन उतरल्यावर मॅच सुरू झाली. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता, भिंतीवर पोरं, बाहेर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही लोक. मला वाटलं होतं पहिल्या दहा मिनिटांत निकाल लावून टाकू. जिंतूरनं माझ्यावर एक बुटकी, काटक डिफेंडर लावली होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. ती मला गोचिडासारखी चिकटली. कोपर बरगडीत मारायची आणि तोंडानं अदबीनं म्हणायची, "ताई, सरका जरा." बॉल माझ्याकडे आला की हिचा पाय आधी तिथे. मागून मैत्रिणीचा आवाज अखंड चालू, "डावीकडं! चिकटून राहा! मोकळी सोडू नको तिला!"

आणि मग कॉर्नरवरून जिंतूरनं गोल केला. मैदान उसळलं. मी वळून बघितलं तर बाबा खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर गरगर फिरवत नाचत होते. माझा बाप. ज्या माणसाला मी लग्नातसुद्धा नाचताना बघितलं नाही.

मला हरायला आवडत नाही. लोक म्हणतात, खेळात हारजीत असायचीच. असेल. पण हरल्यावर हसत फोटो काढणाऱ्या खेळाडूंचं मला कोडं पडतं. मी हरले तर बसमध्ये कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलावा असं मला कधी वाटलं नाही. हाफटाइमला सरांनी फक्त पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ते मला ओळखतात.

दुसऱ्या हाफमध्ये मी जागा बदलली. त्या पोरीला मी बाजूच्या रेषेपर्यंत ओढत नेलं, तिला तिकडे गुंतवलं आणि अचानक आत घुसले. आमच्या मुलीनं बॉल बरोबर पुढ्यात टाकला. मी बघितलंही नाही, तसाच उचलून मारला. मैत्रीण हललीसुद्धा नाही. बरोबरी झाली.

मॅच संपत आली तेव्हा आमच्या एका मुलीला बॉक्समध्ये पाडलं आणि रेफरीनं पेनल्टी दिली. बॉल हातात घेऊन मी ठिपक्यावर गेले, तशी भिंतीवरची पोरं ओरडायला लागली. "घरभेदी! घरभेदी!" बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "बाहेर मार गं माय, आपलंच गाव हाय."

समोर मैत्रीण उभी. शाळेत असताना हिच्यावर मी हजारो वेळा बॉल मारला असेल. माझी आवडती बाजू तिला पाठ होती, तिच्या डाव्या हाताला, खाली, खांबाला चाटून. तिला ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. उजवीकडे मारून तिला फसवता आलं असतं. पण माझा सगळ्यात चांगला फटका डावीकडचाच होता आणि मी तोच मारायचं ठरवलं. जेवढा जीव होता तेवढा लावून.

ती बरोबर त्याच बाजूला झेपावली. तिची बोटं बॉलला लागली. तरीही बॉल आत गेला.

मी दोन्ही हात वर करून कॉर्नरपर्यंत पळत गेले आणि परभणीच्या पोरी येऊन माझ्या अंगावर पडल्या.

मॅच संपल्यावर बाबा मैदानात आले. मला ओलांडून आधी मैत्रिणीकडे गेले. ती आपल्या रडणाऱ्या पोरींमध्ये बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लय भारी अडवलंस पोरी." मग माझ्याकडे आले. मला न्याहाळत म्हणाले, "दुसरा पेनल्टीचा होता. पहिला खरा."

"तुमचा घसा बसलाय," मी म्हटलं.

"बसणारच. तुझ्यापायी एवढं ओरडावं लागलं."

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलेलो असताना मैत्रीण स्कूटीवरून आली. मागे ती बुटकी डिफेंडर, गुडघ्याला हळद लावलेली. मैदानावर मैत्रिणीनं हात मिळवला होता पण शब्द बोलली नव्हती. आता खाटेवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाहेर मारली असतीस ना, तर ह्या दारात पाय ठेवला नसता मी."

"माहीत हाय."

"दोन बोटं लागली माझी."

"तीन लागली. मी बघितलं."

ती हसली. मग कामाचं बोलली. "उद्या सकाळी मैदानावर ये. ह्या पोरींना शिकव. सुट्टी संपेपर्यंत."

"मी परभणीची खेळाडू हाय."

"परभणीची मॅच झाली की. आता काय, उन्हाळाभर परभणीची का?"

तिचं बरोबर होतं. शिट्टी वाजली तेव्हाच ते काम संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. सरांना कळल्यावर त्यांनी फोनवर नाराजी दाखवली. "विरोधकांना शिकवायलीस व्हय?" मी म्हटलं, "सर, तुम्ही बोलावलं की तुमच्याकडूनच खेळणार. पण शिकवायला मला कुणी बांधलेलं नाही." ते कुरकुरले आणि मग त्या पोरींसाठी जुने बॉल पाठवून दिले.

सगळ्यात जास्त मी शिकवलं त्या डिफेंडरला. मी तिला बाजूला ओढून कसं फसवलं ते सांगितलं, स्ट्रायकरचे पाय न बघता कंबर कशी बघायची ते दाखवलं. ती एक गोष्ट दोनदा विचारत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी बोलावलं, मी परभणीकडून खेळले. समोर जिंतूर आणि माझ्यावर तीच. मी तिला रेषेकडे ओढलं, ती आलीच नाही. आत घुसले, तर ती आधीच तिथे उभी. पूर्ण मॅचमध्ये मला धड एक फटका मारता आला नाही आणि आम्ही एका गोलनं हरलो. बाबांचा टॉवेल पुन्हा फिरत होता, मी बघायचं टाळलं.

मी बूट सोडत एकटी बसले होते. ती पोरगी हळूच आली, उकिडवी बसली.

"ताई, राग आला का?"

"आला."

"लय?"

"लय."

तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की तिला तो लपवताही येईना.