हे आधी का?

नाडकर्णीकाका माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कारही केला नाही. टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचा कार्यक्रम होता. तो उचलून त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. दारावरचं माझं आडनाव वाचलं असावं, कारण थेट मराठीत विचारलं, "पाण्याचा विषय जेवणाच्या आधी का?"

"कारण जेवण एक वाजता येतं," मी म्हणाले, "आणि दुसरा विषय तोवर संपत नाही."

"बरं. हे खरं कारण आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "बहुतेकांकडे नसतं." मग स्वतःचं नाव सांगितलं.

मी जर्मनीत, बॉनमधल्या एका छोट्या संस्थेत काम करते. निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना बंद दाराआड मोकळेपणानं बोलता यावं म्हणून आम्ही बैठका घेतो. ते काय बोलतात हा माझा प्रांत नाही. ते कुठे उतरतात, कोणाशेजारी बसत नाहीत, काय खात नाहीत आणि दुभाष्यांना विश्रांती कधी द्यायची, हा माझा. याद्या केल्याशिवाय मला काम सुचत नाही. काकांना याद्या वाचल्याशिवाय चैन पडायची नाही.

ते भारतीय परराष्ट्र सेवेतून निवृत्त झाले होते. अर्धं आयुष्य अरब देशांत गेलेलं, अरबी अस्खलित. बायको बॉनची, म्हणून इथे स्थायिक झाले आणि ती गेल्यावरही राहिले. आमच्या बैठकांचा सारांश लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. हे काम तुम्हालाच का, असं मी एकदा विचारलं. "अरबांना वाटतं मी युरोपचा माणूस. युरोपवाल्यांना वाटतं मी अरबांचा. आपल्या वकिलातीला वाटतं मी जर्मन झालो. सगळ्यांना माझा सारखाच संशय येतो, म्हणून मी सगळ्यांना चालतो."

संशय घेण्यात ते स्वतःही कमी नव्हते. समोरचा पटकन 'हो' म्हणाला की यांचा चेहरा पडायचा. गणपतीत आमच्याकडे आले तेव्हा मोदक हातात धरून निरखत बसले.

"हे तू केलेस?"

"हो, मीच."

"मग कळ्या इतक्या सारख्या कशा?"

"साचा आहे, काका."

"म्हणजे अर्धे कारखान्याचेच." असं म्हणून त्यांनी चार खाल्ले.

त्याच संध्याकाळी माझी मुलगी इरा मैत्रिणीकडे जायचं म्हणून मागे लागली होती. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. मी म्हटलं, "आधी गणित, मग मैत्रीण."

सोफ्यावरून आवाज आला. "म्हणजे नाही."

"गेनाऊ," इरा म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर.

"अहो काका, तिला फूस लावू नका."

"फूस कसली? जे दुसऱ्या नंबरावर टाकलं ते नाकारलं. फक्त चांगल्या शब्दांत. नोकरीभर मी हेच ऐकत आलो."

गणित संपलं नाही आणि इरा त्या दिवशी मैत्रिणीकडे गेली नाही.

काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टर नबील यांनी केलं होतं. ते एका अरब देशातून इथे आलेले. त्यांची बहीण तिकडे वकील होती. गावची नगरपालिका सरकारनं नेमू नये, लोकांनी निवडावी, एवढ्या मागणीसाठी ती तुरुंगात होती. आईला तिला भेटू देत नव्हते. जिवंत आहे की नाही, हेसुद्धा घरच्यांना खात्रीनं माहीत नव्हतं. डोळे तपासायच्या निमित्तानं काका नबीलकडे गरजेपेक्षा जास्त वेळा जायचे.

मग त्याच देशाचे अधिकारी आमच्या दोन दिवसांच्या बैठकीला येणार असं ठरलं. विषय जुनाच होता. अरब देशांतल्या राजकीय सुधारणा आणि त्या भागातली शांतता यांची सांगड घालायची की नाही. त्या देशाचे प्रतिनिधी म्हणायचे, आधी शेजाऱ्यांशी तंटा मिटू दे, मग निवडणुका, मग कैदी. काही युरोपीय अधिकारी उलट म्हणायचे, आधी सुधारणा करा, कैदी सोडा, मगच शांततेच्या बोलण्यांना आमची मदत.

पहिला दिवस यातच गेला. दुपारी काका चहाच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"दोघंही नबीलच्या बहिणीला ओलीस ठेवतायत," ते म्हणाले. "एक म्हणतो शांतता झाली की सोडू. दुसरा म्हणतो सोडलंत तर शांततेचं बोलू. दोघांनाही ती आतच सोयीची आहे."

"युरोपवाले तर तिच्या बाजूनं बोलतायत."

"बाजूनं बोलतायत. तिच्यासाठी बोलतायत का ते बघ." मग त्यांनी माझा कार्यक्रम पुढे सरकवला. "कैद्यांचा विषय उद्या दुपारी, सुधारणांच्या खाली आहे. तो सकाळी घे. व्हिसा आणि कुटुंबांच्या भेटी जिथे आहेत, तिथे. 'कैद्यांच्या कुटुंबांच्या भेटी' एवढंच लिही. सकाळी वकिलातीची कामाची माणसं असतात. त्यांना जग बदलायचं नसतं, कागद हलवायचा असतो."

मला हे आवडलं नाही. "काका, मी कार्यक्रम आखते. राजकारण करत नाही."

"कार्यक्रम आखणं म्हणजे दुसरं काय असतं, अगं?"

"हे नबीलनं सांगितलं का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारलंस ते बरं केलंस. हो, त्यानंच. म्हणून माझ्यावरही संशय ठेव. पण मी मागतोय ते वाईट आहे का, हे वेगळं ठरव."

मी वेगळं ठरवलं. नवा कार्यक्रम घेऊन संचालकांकडे गेले आणि बदललेली ओळ बोटानं दाखवली. दुपारी फार गर्दी होतेय, हेही सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांनी वेळ पाहिली, ओळीवरून नजर फिरवली आणि सही केली.

सकाळी तो विषय कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. त्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं पानं उलटत सांगितलं की आई-वडिलांना भेटू द्यायला हरकत नसावी, अर्ज पाठवा. काकांनी ते सारांशात लिहिलं आणि त्या अधिकाऱ्याला तिथेच वाचून दाखवलं. दुपारी सांगड घालण्यावरून एवढी जुंपली की संयुक्त निवेदन निघालंच नाही. सुधारणांचं सगळं त्याबरोबर बुडालं. भेटींचं वाक्य तेवढं तरलं, कारण ते कशालाच बांधलेलं नव्हतं.

मी पेढे आणले. काकांनी डबा बंद केला. "आई आत जाऊन बाहेर आली की मग."

"आधी भेट, मग पेढे? म्हणजे नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. पेढा मात्र खाल्ला नाही.

बरेच महिने काही झालं नाही. अर्ज परत आला, पुन्हा गेला. एका दुपारी नबील स्वतः आमच्या ऑफिसात आले. आईची भेट झाली होती, जाळीच्या पलीकडून.

"तीच होती ना?" काकांनी विचारलं. "दुसरी कोणी बसवली नव्हती?"

नबील म्हणाले, "आई तुमच्यासारखीच आहे, नाडकर्णीसाहेब. तिनं आधी शेजाऱ्यांच्या गाढवाचं नाव विचारलं. बहिणीनं बरोबर सांगितलं. मगच आई रडली."

काकांनी डबा मागितला. पेढे केव्हाच संपले होते. मी बिस्किटं दिली.

यंदाच्या थंडीत त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई गोड होत्या. "तर, आधी तपासण्या, मग घरी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे नाही," ते हळूच म्हणाले. मी उशी नीट केली.

तपासण्या संपायच्या आत ते गेले. नबीलची बहीण अजून तुरुंगातच आहे. आई महिन्याला भेटते आणि दर वेळी काहीतरी नवीन विचारून खात्री करून घेते.

मागच्या आठवड्यात पुढच्या बैठकीचा कार्यक्रम मी संचालकांपुढे ठेवला. सगळ्यात वर, कशाच्याही खाली नाही, एक ओळ होती: कैद्यांच्या सुटकेचे अर्ज. त्यांनी या वेळी ती नीट वाचली.

"हे आधी का?"

"जेवण एक वाजता येतं," मी म्हणाले. "दुसरा विषय तोवर संपत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि सही केली.